व्याकरणाचे सर लंगडी घालतात

मी व्याकरण शिकवतो. कुणाला, तर उद्या जे शिक्षक होणार त्यांना. म्हणजे माझी एक चूक पुढे तीस-तीस वर्गांत जाऊन बसणार, या धास्तीने मी आयुष्यभर जपून बोललो, जपून लिहिलं आणि जपून चाललो. त्यातलं शेवटचं मी जरा जास्तच मनावर घेतलं. मी कधी धावलो नाही. बस सुटत असेल तर सुटू दिली. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरणारी माणसं मला बेजबाबदार वाटतात. अशा माणसाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कुणी लंगडी घालायला लावील, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

झालं असं, की वर्षाच्या सुरुवातीला आमच्या अध्यापक विद्यालयात एक परिपत्रक आलं. 'या वर्षापासून शारीरिक साक्षरता हा विषय सर्व विद्यार्थी-शिक्षकांना अनिवार्य करण्यात येत आहे. तपशील सोबतच्या परिशिष्टात पाहावा.' सोबत परिशिष्ट नव्हतं. हेडक्लार्कांनी पाकीट उलटं करून झटकलं, तेव्हा त्यातून एक टाचणी पडली. ती त्यांनी जपून ठेवली.

प्राचार्या मॅडमनी मला बोलावलं. "सर, साक्षरता म्हणजे तुमच्याच विभागातलं की." आमचा भाषा विभाग म्हणजे मी आणि एक कपाट. खेळाचे सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरण्याची कार्यवाही तेव्हापासून सुरू होती.

मी म्हटलं, "मॅडम, पण शारीरिक?"

"ते विशेषण झालं," मॅडम म्हणाल्या. "नाम महत्त्वाचं. असं तुम्हीच शिकवता ना?"

मी परिपत्रक उचललं. मी खोलीत येऊन त्या शब्दाचा नीट विचार केला. साक्षरता म्हणजे अक्षरांची ओळख. शारीरिक म्हणजे शरीरासंबंधी. तेव्हा शारीरिक साक्षरता म्हणजे शरीरासंबंधीचं भाषाज्ञान, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. मी आठवडाभर खपून शरीरावरच्या एकशे बेचाळीस वाक्प्रचारांचा अभ्यासक्रम तयार केला. डोक्यापासून सुरुवात: डोकं खाणे, डोक्यावर बसणे. मग कपाळ, भुवया, डोळे. नाक मुरडणे, कानावर हात ठेवणे, तोंडघशी पडणे. पुढे गळा, खांदा, पाठ, कंबर, गुडघे, आणि शेवटी तळपायाची आग मस्तकाला जाणे. म्हणजे शेवटच्या तासाला आपण पुन्हा डोक्यापाशी येऊन पोचतो. ही रचना मला स्वतःलाच इतकी आवडली, की मी ती बायकोला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा तिने पहिला वाक्प्रचार वाक्यात वापरून दाखवला.

अडीच महिने हा विषय उत्तम चालला. एकतीस विद्यार्थी-शिक्षकांपैकी एकालाही शंका आली नाही, कारण मी फळ्यावर लिहिलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. चाचणीत वर्गाने 'कंबर कसणे'ची वाक्यं अशी काही सुरेख केली की बोलायची सोय नाही. आम्ही गुडघ्यापर्यंत पोचलो होतो, आणि तेवढ्यात परिशिष्ट आलं.

अकरा पानांचं होतं. मी उभ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानाला बसलो. त्यात म्हटलं होतं की मुलाला जसं वाचता-लिहिता यावं, तसं स्वतःचं शरीरही वापरता यावं. पळता यावं, उडी मारता यावी, एका पायावर तोल सांभाळता यावा, फेकता यावं, झेलता यावं, आणि मुख्य म्हणजे हे सगळं न लाजता, हौसेने करावंसं वाटावं. भावी शिक्षकांना हे मुलांच्यात रुजवायला शिकवावं. वाक्प्रचारांचा कुठे उल्लेखही नव्हता. नवव्या पानावर होतं, 'विषय-शिक्षकाने प्रथम स्वतः करून दाखवावे.' अकराव्या पानावर होतं, की तपासणी समिती तीन आठवड्यांनी येईल, आणि तिने विषयाला मान्यता दिली नाही तर त्या तुकडीला अंतिम परीक्षेला बसता येणार नाही.

ही बातमी माझ्याआधी वर्गात पोचली होती. मधल्या सुट्टीत ताई आल्या. ताई म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी. दोन मुलांना शाळेत सोडून स्वतः शिकायला यायच्या, म्हणून सगळा वर्ग त्यांना ताई म्हणायचा आणि मीही म्हणायचो. नोकरीच्या वयोमर्यादेत त्या यंदापुरत्याच बसत होत्या. यंदा परीक्षा हुकली तर पुढच्या वर्षी त्यांना अर्जच करता येणार नव्हता. चौदा वर्षं चूल सांभाळून, सासरच्यांची मनं वळवून त्या इथवर आल्या होत्या.

"सर, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "होईल ना?"

"होईल म्हणजे काय! झालंच समजा," मी म्हटलं. त्या गेल्या आणि मी नववं पान पुन्हा उघडलं. कारण एक गोष्ट मी आजवर फक्त बायकोला सांगितली होती. मला चेंडू झेलता येत नाही. चौथीत असताना खेळाच्या गुरुजींनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "याचे हात म्हणजे चाळणी आहेत, चाळणी!" शाळा सुटेपर्यंत माझं नाव चाळणी होतं. तेव्हापासून चेंडू दिसला की मी रस्ता बदलतो.

पण आता बदलायला रस्ता नव्हता. मी बारा चेंडूंसाठी अर्ज केला. हेडक्लार्कांनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर ढकलला. "सर, चेंडू टिकाऊ की नाशवंत?"

"टिकावेत अशी इच्छा आहे."

"मग जडसंग्रह नोंदवहीत चढवावे लागतील. प्रत्येकावर क्रमांक रंगवावा लागेल. आणि काय करणार त्यांचं?"

"फेकणार."

ते दचकले. "अहो, जडसंग्रहातली वस्तू फेकता येत नाही! फेकायची तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव पाहिजे, तीन जणांची समिती पाहिजे, वस्तू निकामी झाल्याचा दाखला पाहिजे."

"फेकायचे म्हणजे टाकून नाही हो द्यायचे. फेकायचे आणि परत झेलायचे."

"तसं अर्जात नाही. अर्जात नुसतं 'फेकण्यासाठी' आहे."

एरवी शब्दांवर मी लोकांना अडवतो. त्या दिवशी मी अडलो. शेवटी व्याकरणच कामी आलं. मी नवा अर्ज लिहिला: 'चेंडूंचे हवेतून अल्पकालीन स्थलांतर व पुनर्ग्रहण करण्यासाठी.' तो तासाभरात मंजूर झाला. चार दिवसांनी बारा चेंडू आले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात 'भा. वि.' आणि क्रमांक. रंग ओला होता हे मला पहिला चेंडू सदऱ्यावर आपटल्यावर कळलं. आठवडाभर माझ्या छातीवर उलट्या अक्षरांत 'भा. वि. ७' होतं, कारण तो रंगही टिकाऊ निघाला.

घरी झेलण्याचा आणि लंगडीचा सराव सुरू केला. बायकोने मोज्यांचे गोळे करून स्वयंपाकघराच्या दारातून माझ्यावर फेकायला घेतले. ती प्रेमळ बाई आहे, पण इतक्या वर्षांत साठलेलं बरंच काही त्या मोज्यांतून येत होतं असा मला संशय आहे. "डोळे मिटू नका!" ती ओरडायची. मी डोळे मिटत नव्हतो, ते आपोआप मिटत होते.

वरच्या मजल्यावरचे काका आवाज ऐकून खाली आले. काका निवृत्त आहेत, त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळतं. लंगडी बघून ते म्हणाले, "तुमचा पाय ठीक आहे. दोष कानात आहे. तोल कानात असतो. कानात वारं जाता कामा नये." मी दोन्ही कानांत कापूस घातला. त्याने तोल काही आला नाही, पण बायकोचं "झेला!" ऐकू येईनासं झालं आणि मोज्याने चष्मा खाली पाडला. मग खालच्या वहिनी वर आल्या. त्या दारातच उभ्या राहून अगदी मर्यादेने म्हणाल्या, "भावजी, तुमचं काही चालू द्या, पण आमचा पंखा हलतोय. बंद असताना हलतोय." मी त्यांना परिपत्रक दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो दिवस आठवला तरी मला अजून शरमायला होतं.

आठवड्याने वर्ग मैदानावर नेला. मी लंगडीची कृती तोंडी सांगितली. एक पाय गुडघ्यात दुमडावा, दुसऱ्याने उसळी घ्यावी, हात मोकळे ठेवावेत. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "सर, करून दाखवा ना." मी दोन उड्या घेतल्या आणि तिसरीला खांबाला मिठी मारली. कुणी हसलं नाही. मोठी माणसं समोर हसत नाहीत, तेच जास्त लागतं. मी म्हटलं, "आजचा तास संपला," आणि खांब सोडून तडक खोलीत गेलो.

तिथे मी रजेचा अर्ज लिहायला घेतला. वैद्यकीय रजा, तीन आठवडे, कारण गुडघा. खोटा अर्ज आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होतो, म्हणून अक्षर फार चांगलं येत होतं. एवढ्यात ताई आत आल्या. त्यांनी अर्ज वाचला. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी वाचला.

"सर, तुम्ही गेलात तर आमचं संपलं," त्या म्हणाल्या.

"ताई, मला जमत नाही हो. मला कधीच जमलेलं नाही." आणि मग, कसं कोण जाणे, मी त्यांना चाळणीची गोष्ट सांगून टाकली.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, रागावू नका. आम्हाला शिकवायचा सराव करायला येत नसलेलं मूल पाहिजे. आम्ही पाठ घेतो त्या सरावशाळेतल्या पोरांना सगळं येतं, ती आमच्यापेक्षा चांगली झेलतात. तुमच्यावर करून बघू का?"

"माझ्यावर?"

"तुमच्याइतकं न येणारं आम्हाला दुसरं कुठे मिळणार?"

इतका मोठा अपमान माझा कुणी इतक्या आदराने केला नव्हता. मी अर्ज फाडला.

दुसऱ्या दिवसापासून मी एकतीस शिक्षकांचा एकुलता एक विद्यार्थी झालो. सुरुवातीला त्यांनी सगळं चुकीचं केलं. पहिलाच पठ्ठ्या म्हणाला, "सर, अहो सोप्पं आहे!" मी चेंडू खाली ठेवला आणि म्हटलं, "हे म्हणू नका. सोपं आहे आणि मला येत नाही, म्हणजे मी केवढा ढ, एवढंच मला ऐकू येतं." सगळ्यांनी वहीत लिहिलं: 'सोपं आहे म्हणू नये.' दुसरी म्हणाली, "तो बघा, तो कसा झेलतो!" मी म्हटलं, "त्याच्याकडे बघितलं की मला घरी जावंसं वाटतं." तेही लिहिलं. ओळीत उभं करून एकेकाला सगळ्यांसमोर बोलवायचं नाही, चुकल्यावर लगेच पुढचं नाव घ्यायचं नाही, जवळून टाकायचं, आधी जमिनीवरून घरंगळत द्यायचं, मोठा चेंडू, मऊ चेंडू, मग लहान. बावन्न वर्षांचं मूल असल्यामुळे मला कुठे दुखतं ते नीट सांगता येत होतं, एवढाच काय तो माझा उपयोग. दोन आठवड्यांत मी दहातले तीन चेंडू झेलायला लागलो आणि लंगडीच्या चार उड्या घ्यायला लागलो. चौथी उडी पडली त्या दिवशी ताईंनी टाळ्या वाजवल्या आणि मी घरी जाऊन बायकोला पाच वेळा सांगितलं.

समिती आली. एक अध्यक्ष साहेब आणि दोन सदस्य, हातात फायली, चेहऱ्यावर काही नाही. सरावशाळेची वीस मुलं मैदानात उभी होती. प्राचार्या मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. ताई चेंडू पुन्हा पुन्हा मोजत होत्या. साहेबांनी नववं पान उघडलं. "विषय-शिक्षकांनी करून दाखवावं."

मी पाय दुमडला. एक. दोन. तीन. चार. आणि पाचवी! आयुष्यातली पाचवी उडी! नेमक्या त्याच क्षणी साहेब म्हणाले, "वा!" या क्षेत्रात मला कौतुकाची सवय नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडघशी पडलो. चष्मा एकीकडे, मी दुसरीकडे, तोंडात माती. आणि वीसच्या वीस मुलं हसली. अशी हसली, अशी हसली, की मी पुन्हा चौथीत जाऊन पोचलो. उठावंसंच वाटेना. मनात एकच होतं, की आपण ताईंचं वर्ष घालवलं.

तेवढ्यात ताईंचा आवाज आला. घाबरलेला होता, पण खणखणीत. "सर, पाच झाल्या! काल चार होत्या!"

त्यांनी चष्मा उचलून, पदराला पुसून माझ्या हातात दिला. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "सरांना अजून येत नाहीये. ते शिकताहेत. त्यांना मदत कोण करणार?" हसू थांबलं. दहा-बारा हात वर झाले. "सर, पायाकडे नका बघू, समोर बघा!" "सर, हात असे पसरा!" आमचे विद्यार्थी-शिक्षक आपोआप मुलांत मिसळले. कुणी सांगितलं नव्हतं. एकाने जवळून चेंडू दिला, दुसरीने घरंगळत. मी दोन सोडले.

मैदानाच्या कडेला, भिंतीपाशी एक मुलगी उभी होती. सहा-सात वर्षांची, फ्रॉकचं टोक मुठीत. ती मगाशीही खेळात नव्हती. मी तिसरा चेंडू सोडला तेव्हा ती हळूच जवळ आली आणि माझ्या हाताशी उभी राहिली.

"तुम्हाला पण येत नाही?"

"नाही ना," मी म्हटलं.

"मला पण." ती माझ्याकडे बघून एवढी खूश झाली की मलाही खूश व्हावं लागलं. ताईंनी आमच्यासमोर गुडघे टेकले आणि मऊ चेंडू अगदी हळू, एकदा मला, एकदा तिला द्यायला लागल्या. "सोपं आहे" एकदाही म्हणाल्या नाहीत. चौथ्या वेळी त्या मुलीने चेंडू पोटाशी घट्ट धरला. आधी तिला कळलंच नाही. मग तिने तो सगळ्यांना दाखवला, साहेबांच्या अगदी नाकापर्यंत नेऊन दाखवला. माझा पाचवाही पडला, पण त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, मीसुद्धा.

साहेबांनी त्यांचा शेरा तिथेच, उभ्याउभ्या लिहिला. मॅडमनी तो कार्यालयात मोठ्याने वाचला: 'विषय-शिक्षकास चेंडू झेलता येत नाही. लंगडी अपूर्ण. तथापि, ज्यास येत नाही त्यास कसे शिकवावे, हे येथील विद्यार्थी-शिक्षकांस उत्तम अवगत आहे. मान्यता द्यावी.' ताई पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हमसून रडल्या. मी शेजारी उभा होतो. मग त्यांना पाणी आणून दिलं.

ताई पास झाल्या, मुदतीत अर्ज गेला, नोकरी लागली. जूनमध्ये त्यांचा फोन आला.

"सर, आमच्या वर्गात एक मुलगी आहे. मैदानावर पाऊलच टाकत नव्हती. आठ दिवस झाले. आज टाकलं."

"काय केलंत?"

त्या जरा घुटमळल्या. "तुमची गोष्ट सांगितली. समितीसमोर तुम्ही पडलात, ती. चष्म्यासकट. पोट धरून हसली आणि मग उठून आली. सर, तुम्हाला न विचारता सांगितली. नाव नाही घेतलं हं! एक सर होते, एवढंच म्हटलं."

बायको समोर बसून ऐकत होती. 

"ताई," मी म्हटलं, "पुढच्या वेळी नाव घेऊन सांगा."